मेंदूची वीज आणि आपली वडीलधारी माणसे

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या कोकणात इतकी रुळलेली आहे, की ती उच्चारताना आपण एखाद्या माणसावर निकाल देत आहोत याचे भानही आपणांस राहत नाही. आजी चुलीवर भात ठेवून विसरली, आजोबांनी एकच गोष्ट दिवसात चार वेळा विचारली, काकी बाजारातून परतताना नेहमीच्या वळणावर थबकली, की घरातील कोणीतरी ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक तो तिथे संपावयास नको. वयपरत्वे येणारा साधा विसराळूपणा, त्याच्या पुढची सौम्य बोधक्षीणता आणि त्याही पलीकडचा स्मृतिभ्रंश या तीन वेगळ्या अवस्था आहेत. त्यांतील मधली अवस्था ओळखता यावी म्हणून माणसाच्या मेंदूतील विजेचे मापन करण्याचा प्रयत्न आज जगभर चालू आहे. या प्रयत्नाचा इतिहास मनोवेधक आहे, आणि काही ठिकाणी तो मन विषण्ण करणाराही आहे. आमच्या वाचकांसमोर तो थोडक्यात मांडावा, असा या लेखाचा उद्देश आहे.

हा विषय आमच्या जिल्ह्यास परका नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी वसली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया नोंदल्या गेल्या. या आकड्यांचा अर्थ सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. तरणीताठी माणसे मुंबई, पुणे, गोवा आणि आखात येथे गेली आणि घर राखावयास वडीलधारी मागे राहिली. ज्या व्याधीची पहिली चाहूल केवळ जवळ राहणाऱ्यालाच लागते, तिच्यासाठी अशी ओसरलेली घरे फार गैरसोयीची असतात.

व्याधीला नाव कसे मिळाले

जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगस्ट डेटर नावाची एक ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला आपले नाव लिहिता येईना, आताच दाखविलेली वस्तू आठवेना. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले संभाषण सविस्तर टिपून ठेवले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती मरण पावल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत आपली निरीक्षणे सादर केली. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकारास अल्झायमरांचे नाव दिले.

मधल्या अवस्थेला मात्र नाव मिळावयास बराच काळ लोटला. १९६२ साली डॉ. क्राल यांनी वृद्धांतील ‘निरुपद्रवी विसराळूपणा’ ही कल्पना मांडली. १९९९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रोनाल्ड पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ या अवस्थेचे निकष स्पष्ट केले. आम्ही तिला सौम्य बोधक्षीणता म्हणतो. या अवस्थेतील माणसाची स्मरणशक्ती त्याच्या वयाच्या मानाने अधिक उणावलेली असते, त्याला स्वतःला किंवा घरच्यांना ते जाणवते. तरीही तो आपले व्यवहार बव्हंशी स्वतः सांभाळतो. स्मृतिचिकित्सालयात येणाऱ्या अशा माणसांपैकी दरवर्षी शंभरात दहा ते पंधरा जण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, असे आढळून आले. काही जण वर्षानुवर्षे आहे तेथेच राहतात, तर काहींची स्मृती पुन्हा पूर्वपदावर येते. म्हणून ही अवस्था म्हणजे तिठा आहे. येथून कोणती वाट धरली जाईल हे आधी कळावे, या इच्छेपोटीच डॉक्टर मेंदूतील विजेकडे वळले.

विजेची कहाणी आणि एक गोमंतकीय धर्मगुरू

सजीवांच्या देहात वीज असते ही कल्पना अठराव्या शतकातील. इटलीतील बोलोन्याचे लुईजी गाल्वानी यांनी बेडकाच्या पायावर केलेले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास फ्रांझ मेस्मर यांच्या ‘प्राणिचुंबकत्वा’ने युरोपला वेड लावले होते. एका देहातून दुसऱ्या देहात वाहणारा अदृश्य द्रव माणसाला निद्रिस्त करतो आणि बरेही करतो, अशी समजूत तेव्हा रूढ होती.

या समजुतीला छेद देणाऱ्यांत बार्देशातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले एक धर्मगुरू अग्रभागी होते. जुझे कुश्तोदियु फारिया, म्हणजेच आबे फारिया, यांना १७८० साली रोममध्ये गुरुदीक्षा मिळाली. १८१३ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग आरंभिले. झोपेचे कारण बाहेरच्या कोणत्याही द्रवात नसून ज्याला झोप लागते त्याच्याच मनाच्या एकाग्रतेत आहे, असे त्यांनी ठामपणे प्रतिपादिले. त्यांची पुष्कळ टवाळी झाली. १८१९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पणजीला मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ साली उभारलेला, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्यांचा पुतळा आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. फारियांनी वीज मोजली नाही, हे खरे. परंतु शोध माणसाच्या आतच घ्यावयास हवा, ही दिशा त्यांनी दाखविली.

१८७५ साली लिव्हरपूलचे डॉ. रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून त्यातील क्षीण विद्युत्प्रवाह आरशाच्या गॅल्व्हानोमीटरने पाहिले. मानवी मेंदूची वीज नोंदविण्याचे श्रेय मात्र जर्मनीतील जेना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांच्याकडे जाते. त्यांच्या शोधामागील प्रेरणा विलक्षण होती. तरुणपणी लष्करी प्रशिक्षणात ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता बचावले. त्याच दिवशी दूरवरच्या घरी त्यांच्या बहिणीला भाऊ संकटात असल्याची तीव्र जाणीव झाली व वडिलांनी तार केली. विचार एका मनातून दुसऱ्या मनात जातात काय, हा प्रश्न बर्गर यांच्या मनातून कधीच गेला नाही. ६ जुलै १९२४ रोजी शस्त्रक्रिया चालू असलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील विद्युत्‌स्पंदने त्यांनी प्रथम नोंदली. पाच वर्षे पडताळा घेऊन १९२९ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा वेळा उठणाऱ्या लाटेला त्यांनी ‘आल्फा’ हे नाव दिले. प्रारंभी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एडगर एड्रियन व मॅथ्यूज यांनी ती लाट पुन्हा दाखविली, तेव्हा जगाने मान डोलावली. विचारसंक्रमण काही सिद्ध झाले नाही. पण ते शोधताना ई.ई.जी. हाती आला. १९३० च्या दशकाच्या आरंभीच बर्गर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे आलेख घेतले आणि त्यांच्या लाटा मंदावलेल्या असल्याचे नोंदवून ठेवले. आमच्या विषयाचा उगम तो हाच.

जेनाची दुसरी बाजू

इतिहास लिहिताना सोयीचे तेवढेच सांगून चालत नाही. १९३३ साली जर्मनीत नाझी राजवटीने आनुवंशिक आजारांच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्या कायद्याखालील अपिले ऐकणाऱ्या जेनाच्या न्यायासनावर हेच बर्गर सदस्य म्हणून बसत होते, हे अलीकडील संशोधनाने उजेडात आणले आहे. मेंदूची लाट टिपणारा हात माणसांना निरुपयोगी ठरविणाऱ्या निकालांतही सहभागी होता. १९४१ साली बर्गर यांनी आत्महत्या केली.

तोवर त्या राजवटीची मजल नसबंदीवरून हत्येवर गेली होती. रुग्णालयांकडून प्रपत्रे भरून घेतली जात. त्यांत वार्धक्यातील मानसिक विकारांचीही नोंद मागितलेली असे. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,००० हून अधिक रुग्णांना विषारी वायूने ठार करण्यात आले. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी धर्मासनावरून या हत्यांचा उघड निषेध केला. जो उत्पादन करीत नाही त्याला मारावयाचे, हे तत्त्व एकदा मान्य केले, तर उद्या म्हातारे, पंगू आणि युद्धात जखमी झालेले सैनिकही त्याच रांगेत उभे केले जातील, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता. त्या प्रवचनाच्या प्रती गुप्तपणे जर्मनीभर फिरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस वायुगृहांचा कार्यक्रम अधिकृतपणे थांबविण्यात आला. छुप्या हत्या मात्र युद्ध संपेपर्यंत चालूच राहिल्या. ‘आता त्यांचा काय उपयोग’ हे वाक्य आपल्या घरात सहज कानी पडते, तेव्हा त्याचे टोक कोठवर जाऊ शकते, हे आपण विसरू नये.

यंत्र काय पाहते

ई.ई.जी.ची तपासणी वेदनारहित असते. डोक्याच्या त्वचेवर साधारणतः वीस-एकवीस ठिकाणी खळीसारखा लेप लावून लहान चकत्या बसवितात. त्या कोठे बसवाव्यात याची सर्वमान्य पद्धत १९५८ साली हर्बर्ट जास्पर यांनी मांडली. देहात वीज सोडली जात नाही. देहातील वीज केवळ ऐकली जाते. ती किती क्षीण असते पाहा. आल्फा लाट एका व्होल्टच्या दशलक्षांशाच्या सुमारे पन्नासपट असते, म्हणजे विजेरीतील एका सेलच्या तीस हजाराव्या भागाइतकी. सेकंदाला चारपेक्षा कमी वेळा उठणारी ती डेल्टा, चार ते आठ वेळा थीटा, आठ ते तेरा वेळा आल्फा, त्याहून जलद ती बीटा आणि तीसच्या पुढची गॅमा, अशी लाटांची वर्गवारी आहे.

सौम्य बोधक्षीणता असलेल्या अनेकांच्या आलेखात आल्फा लाट थोडी मंद व दुबळी होते आणि थीटा वाढते. दुसरी एक पद्धत अशी आहे : कानात एकसारखे सूर ऐकवावयाचे व मधूनच एखादा वेगळा सूर वाजवावयाचा. त्या अनपेक्षित सुरानंतर सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी मेंदूत एक लाट उठते. १९६५ साली सॅम्युएल सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखविली. स्मृतिभ्रंश असलेल्यांत ती उशिरा उठते, हे १९७८ साली गुडिन, स्क्वायर्स व स्टार यांनी दाखवून दिले.

आमच्या दृष्टीने या तपासणीचे मोठे मोल असे, की तिला अक्षरओळख लागत नाही. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी स्मृतिपरीक्षा तारीख विचारते, वजाबाक्या करावयास लावते, वाक्य लिहावयास सांगते. शाळेची पायरी न चढलेली, मालवणीखेरीज दुसरी बोली न बोलणारी एखादी आजी त्या परीक्षेत नापास होईल. पण तिला सातासमुद्रापारच्या नातवंडांचे वाढदिवस आणि वाडीतल्या प्रत्येक घराची सोयरीक तोंडपाठ असते. हीच अडचण ओळखून १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी त्या परीक्षेचे हिंदी रूप तयार करण्यात आले. विजेची लाट शाळेचा दाखला मागत नाही.

तथापि या यंत्राची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. शंभर निरोगी आणि शंभर विसराळू माणसांचे आलेख शेजारी ठेवले तर सरासरीतील फरक दिसतो. समोर बसलेल्या एका माणसाच्या एकाच आलेखावरून ‘तुम्हांला ही अवस्था आहे’ असे ठामपणे सांगता येत नाही. झोप कमी झाली असेल, गुंगीची गोळी घेतलेली असेल, तरी लाटा बदलतात. फेफरे किंवा अंगातील क्षारांच्या बिघाडाने आलेली भ्रमिष्टता ओळखण्यास मात्र ही तपासणी खरोखर उपयोगी पडते.

भारतातील वाटचाल

आपल्या देशात मेंदुविज्ञानाची पायाभरणी स्वातंत्र्यानंतर झाली. १९५१ साली जेकब चंडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन व बलदेव सिंग यांनी भारतीय मज्जाविज्ञान संघटना स्थापिली. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. बाहेरील आवाजाने अथवा स्पर्शानेही त्यांची आल्फा लाट भंगत नव्हती, असे त्यांत नोंदले होते.

या विजेच्या मापनाने महाराष्ट्रात एक वादळही उठविले. २००८ साली पुण्यातील एका न्यायालयाने खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युत्‌चाचणीचा निष्कर्ष पुराव्यादाखल विचारात घेतला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की अशी चाचणी कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाही. माणसाच्या अंतःकरणाचे दार बाहेरून फोडता कामा नये, हा त्या निकालाचा गाभा आम्हांस मोलाचा वाटतो.

वृद्धांच्या बाबतीत पाहता, मुंबईत डॉ. वास व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांवरील २४,४८८ व्यक्तींची पाहणी करून २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पासष्टीच्या पुढील शंभरात सुमारे अडीच व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचे त्यांना आढळले. कोलकात्यातील २००७ च्या पाहणीत पन्नाशीपुढील, स्मृतिभ्रंश नसलेल्या लोकांपैकी सुमारे १५ टक्के सौम्य बोधक्षीणतेच्या अवस्थेत होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांच्या चमूने वृद्धांना पडद्यावर काळे-पांढरे पट्टे दाखवून त्यांच्या गॅमा लाटा मोजल्या. सौम्य बोधक्षीणता असलेल्या १२ आणि अल्झायमर असलेल्या ५ जणांत त्या लाटा समवयस्क निरोगी माणसांपेक्षा क्षीण होत्या, हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. संख्या लहान आहे, म्हणून निष्कर्षही जपूनच घ्यावयास हवा. पण काम आपल्याच मातीत चालले आहे.

धर्मभगिनींची देणगी

या इतिहासातील एक पान व्रतस्थांनी लिहिले आहे. १९८६ साली डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नोत्र दामच्या शालेय भगिनींचा अभ्यास आरंभिला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ भगिनी त्यात सहभागी झाल्या. दरवर्षी स्मृतिपरीक्षा देण्यास आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनास देण्यास त्यांनी संमती दिली. तारुण्यात, व्रतग्रहणापूर्वी त्यांनी लिहिलेली छोटी आत्मवृत्ते मठाच्या दप्तरात जपून ठेवलेली होती. ज्यांच्या लेखनात विचारांची दाटी अधिक होती, त्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंशाने कमी गाठले, असे १९९६ साली दिसून आले. सिस्टर मेरी या तर १०१ व्या वर्षी निवर्तल्या. त्या अखेरपर्यंत परीक्षांत उत्तम गुण मिळवीत होत्या. पण त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा विपुल आढळल्या. मेंदूवरील व्रण आणि माणसाची अवस्था यांचे गणित सरळ नाही, हे या भगिनींनी आपल्या देहाने शिकविले. १९९४ पासून शिकागोच्या रश विद्यापीठातील अशाच एका अभ्यासात धर्मभगिनींबरोबर धर्मगुरू व धर्मबंधूही सहभागी झाले.

आपल्या उंबरठ्यावरचा प्रश्न

आता आपल्या घरांकडे येऊ. २००१ साली विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाकडे लोक एकतर वयाचा परिणाम म्हणून पाहतात किंवा मुलांनी हेळसांड केल्याचे फळ म्हणून, असे त्यात आढळले. या दुसऱ्या समजुतीने किती सुनांच्या आणि लेकींच्या माथी विनाकारण बोल लागला असेल! बोल लागेल या भयाने घरातील माणसे आजार झाकतात, आणि झाकलेल्या आजारावर उपाय होत नाही. २००८ साली गोव्यातच ८१ कुटुंबांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागारांनी घरी जाऊन धीर दिला, माहिती सांगितली, तेव्हा सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. तेथे कोणतेही महाग यंत्र नव्हते. दार ठोठावणारे एक माणूस होते.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो, तेव्हा एक गोष्ट वारंवार ध्यानी येते. मे महिन्यात किंवा नाताळात चाकरमानी गावी येतात. त्या आठ-दहा दिवसांत आई सारे बळ एकवटून वावरते, आणि ‘आई ठणठणीत आहे’ असे समाधान घेऊन मुलगा गाडीत बसतो. शेजारीण मात्र जाणून असते, की गेल्या महिन्यात म्हातारीने दुधाचे पैसे तीनदा दिले. शेजारणीचे हे ज्ञान कोणत्याही आलेखात उमटत नाही. डॉक्टरांना मात्र सर्वांत आधी तेच हवे असते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विसर वाढू लागला, की सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे वेळीच जावे आणि बदल केव्हापासून, कसा होत गेला ते लिहून न्यावे. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा मंदपणा, खिन्नता, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे यांमुळेही स्मृती ढासळते, आणि ही कारणे बहुतांशी दूर करता येतात. त्यांचा छडा लावण्याआधीच मोठ्या शहरात यंत्रांच्या रांगेत उभे राहण्याची घाई करू नये. २०२४ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. अपुरे शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, क्षीण दृष्टी आणि एकटेपणा ही त्यांतील काही होत. ही सारी कारणे दूर झाली, तर जवळजवळ निम्मे, म्हणजे ४५ टक्के रुग्ण टाळता येतील किंवा आजार लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांतील एकटेपणा दूर करण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. प्रत्येक वाडीतील दोन-तीन माणसांनी आपल्या शेजारच्या वृद्धांकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसावे आणि काही वेगळे दिसले तर मुंबईच्या मुलाला स्पष्ट शब्दांत कळवावे. मुलानेही ते चहाडी न मानता उपकार मानावेत.

शंभर वर्षांपूर्वी बर्गर यांनी टिपलेल्या त्या पहिल्या लाटेपासून विज्ञान पुष्कळ पुढे आले आहे. उद्या कदाचित एका आलेखावरून एका माणसाचे निदान करता येईल, आणि तो दिवस आला तर आम्ही परमेश्वराचे आभारच मानू. परंतु आलेख मंदावला म्हणून आईचे आईपण मंदावत नाही. मुलाचे नाव न आठवणारी कितीतरी वृद्ध माणसे जपमाळेचे मणी हाती येताच प्रार्थना अडखळल्यावाचून म्हणताना आम्ही पाहिली आहेत. त्यांचे नाव, त्यांचा मान आणि त्यांची गोष्ट आता आपण लक्षात ठेवावयाची आहे. त्यांनी आयुष्यभर आपली ठेवली.